‘कोठी’चं ‘कठ’ का होतं?

हैदराबादेत कोठीच्या चौकात उभं राहून दुकानांच्या पाट्या वाचू लागलं की एकच नाव तीन लिप्यांत दिसतं. तेलुगूत ‘कोठी’, उर्दूत ‘कोठी’ आणि इंग्रजीत बहुतेक ठिकाणी ‘कोटी’. रोमन लिपीत ठ लिहायला लागणारा एच कधीतरी गळला आणि गळलेलाच राहिला. परभणी-नांदेडहून आलेला मराठी माणूस ती इंग्रजी पाटी वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे एकावर सात शून्यं उभी राहतात. लिपी बदलताना एक खूण गळली, तर वाड्याचा आकडा होतो!

हे मला फार उशिरा नीट उमगलं, आणि तेही पाटी वाचून नव्हे. घरातल्या मराठी पुस्तकांची यादी एका छोट्या संकेतस्थळावर मांडायला बसलो होतो. पुस्तक कुठून घेतलं, या रकान्यात पहिलाच शब्द लिहिला ‘कोठी’, कारण आमच्या घरातली निम्मी पुस्तकं इथल्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आलेली. त्या एका शब्दाचा माग काढत गेलो आणि संकेतस्थळ उभारणाऱ्यांना रोज छळणाऱ्या बहुतेक अडचणी त्याच्या वाटेवर ओळीनं भेटल्या. त्या वाटेनं तुम्हालाही नेतो.

आधी कोठीची गोष्ट. ‘कोठी’ म्हणजे इथला वाडा, ब्रिटिश रेसिडेन्सी. १७९८ ते १८०५ या काळात निजामाच्या दरबारी रेसिडेंट असलेल्या जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिकनं ती बांधायला घेतली. १९४९पासून तिथे मुलींचं महाविद्यालय होतं, आता महिला विद्यापीठ आहे. कर्कपॅट्रिकची पत्नी खैरुन्निसा पडदा पाळायची. तिला वाड्याची दर्शनी बाजू पाहायला मिळत नव्हती, म्हणून त्यानं तिच्या बागेत त्या वाड्याची छोटी हुबेहूब प्रतिकृती बांधून दिली, अशी आख्यायिका सांगतात. प्रतिकृतीला इंग्रजीत मॉडेल म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा.

आणि मराठीत ‘कोठी’ म्हणजे आणखी एक गोष्ट: धान्य साठवायची जागा. कोठीघर, कोठीची खोली, कोठी सांभाळणारा कोठावळा. हैदराबादेतल्या मराठी घरांत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदतात. आजी कोठीतून डाळ काढायला सांगायची आणि आजोबा कोठीवरून वह्या आणायला, आणि कुणाचाही कधी घोटाळा झाला नाही. संगणकाचा मात्र होतो.

संकेतस्थळ उभारायला जे वापरतात ते वेब फ्रेमवर्क म्हणजे काय, हे जुन्या वाड्याच्या भाषेत सांगणं सोपं आहे. पाहुणा देवडीवर येतो. देवडीवरचा माणूस विचारतो, कुणाकडे जायचंय? त्याप्रमाणे तो त्याला योग्य कारभाऱ्याकडे धाडतो. कारभारी कोठावळ्याला सांगतो, अमुक काढून आण. कोठावळा कोठीतून जिन्नस आणतो, वाढपी ताट मांडतो, ताट पाहुण्यापुढे येतं. संकेतस्थळाचं पान उघडताना हेच घडतं: पत्ता पाहणारा भाग, निर्णय घेणारा भाग, डेटाबेसमधून माहिती आणणारा भाग आणि पान सजवणारा भाग. ही सगळी माणसं दर वेळी नव्यानं नेमायची नाहीत, शिकून तयार झालेली मिळावीत, म्हणून फ्रेमवर्क. आणि कोठीत काय ठेवता येईल, कोणत्या मापात, याचा जो आराखडा आपण लिहितो त्याला म्हणतात मॉडेल. खैरुन्निसाच्या बागेतल्या प्रतिकृतीसारखंच. खरं पुस्तक कपाटात, त्याची प्रतिकृती कोठीत: नाव, लेखक, वर्ष, कुठून घेतलं.

मी वापरतो ते फ्रेमवर्क जँगो. त्याचा जन्म एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला, ही मला त्यातली सगळ्यात लोभस गोष्ट वाटते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं लॉरेन्स नावाचं गाव, तिथलं ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ हे दैनिक. २००३ साली तिथे एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी बातमीच्या घाईत पानं उभी करता यावीत म्हणून हे अवजार घडवायला घेतलं आणि जुलै २००५मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. नाव ठेवलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं कायमची अधू झाली, आणि त्यानंतर उरलेल्या बोटांनी त्यानं स्वतःची नवी वादनशैली उभी केली.

आता आपला शब्द कळफलकावरून निघतो.

‘कोठी’. मराठी डोळ्याला दोन अक्षरं: को, ठी. जँगो जिच्यावर उभं आहे त्या पायथन या संगणकभाषेला विचारलं, याची लांबी किती? उत्तर येतं ४. क, ओकाराची मात्रा, ठ, दीर्घ वेलांटी. युनिकोडनं प्रत्येकाला क्रमांक दिलाय: २३२५, २३७९, २३३६, २३६८. देवनागरीच्या वाट्याला २३०४ ते २४३१ असे सलग १२८ खण आलेत. हे क्रमांक साठवायची जी रीत आज जगभर चालते तिचं नाव यूटीएफ-८. सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत केन थॉम्सन यांनी ती मेजावरच्या कागदावर मांडली, सोबत रॉब पाइक होते. या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे कोठीचे १२ बाइट. हाच शब्द पानाच्या पत्त्यात गेला की एकेका बाइटची ३-३ चिन्हं होऊन तो ३६ चिन्हांचा होतो. दोन अक्षरी शब्द, आणि त्याला २, ४, १२, ३६ अशा चार लांब्या! रकान्याची मर्यादा ठरवताना यातली कुठली लांबी मोजली जातेय हे न विचारल्यानं किती अर्जांत माणसांची आडनावं अर्धी कापली जात असतील, याचा विचार करून पाहा.

पहिली दुर्घटना इथेच होते. ते १२ बाइट यूटीएफ-८ म्हणून लिहिले, पण वाचणाऱ्यानं पश्चिम युरोपच्या जुन्या लॅटिन-१ रीतीनं वाचले, तर पडद्यावर चिंध्या उमटतात. डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए, आणि त्याच्या शेजारी सतत दोनच चिन्हं: एक चलनाची गोल खूण, एक जपानी येनची खूण. मराठी मजकूर बिघडला की त्यात येन का दिसतो, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं पडला होता. उत्तर विलक्षण आहे. देवनागरीच्या १२८ खणांपैकी पहिल्या ६४ खणांतली चिन्हं बिघडली की चलनाची खूण येते, पुढच्या ६४ खणांतली बिघडली की येन. आणि ती सीमारेषा नेमकी ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीच्या मधून जाते! ऱ्हस्व वेलांटी पहिल्या अर्ध्याची शेवटची, दीर्घ वेलांटी दुसऱ्या अर्ध्याची पहिली. तेव्हा ‘कोठी’च्या चिंध्यांत चलन, येन, चलन, येन असा ताल दिसतो. एकदा हे कळलं की बिघडलेल्या मजकुरातूनसुद्धा मूळ शब्दाचा अंदाज बांधता येतो.

या चिंध्या शिवता येतात, हे महत्त्वाचं. बाइट शाबूत असतात, फक्त चुकीच्या चष्म्यातून पाहिलेले असतात. उलट मार्गानं गेलं की शब्द परत मिळतो. पण कधी कधी पानावर चार प्रश्नचिन्हं दिसतात, चिंध्या नव्हे, नुसती प्रश्नचिन्हं. तेव्हा समजावं, शब्द गेला. कोठीतल्या डब्याला देवनागरी ठेवायची सोय नव्हती, म्हणून साठवतानाच प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं गेलं. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमध्ये दीर्घकाळ लॅटिन-१ हीच न सांगता मिळणारी मांडणी होती, २०१८च्या ८.० आवृत्तीत ती बदलली. म्हणून जुन्या यंत्रणेत मराठी भरण्याआधी एकच शब्द घालून, परत काढून, शेजारी शेजारी ठेवून पाहा. हजार नोंदी भरल्यावर कळलं तर त्या हजारही पुन्हा टाइप कराव्या लागतात.

आता मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलेला प्रश्न. प्रत्येक पुस्तकाच्या पानाला वाचता येईल असा पत्ता द्यायचा होता. त्या छोट्या नावाला स्लग म्हणतात. हा शब्दही वर्तमानपत्राच्या कचेरीतलाच, खिळे जुळवण्याच्या काळापासूनचा; आपल्याकडच्या बातमीदारांच्या तोंडीही तो असतो. जँगोत शीर्षकापासून स्लग करून देणारं तयार साधन आहे. त्याला साध्या रीतीनं ‘कोठी’ दिलं तर उत्तर येतं: काहीच नाही. रिकामं. कारण ते रोमन लिपीबाहेरची अक्षरं ठेवत नाही. रूबी ऑन रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कमधलं तसंच साधनही देवनागरी शब्दाला रिकामं करतं. रिकाम्या नावाचा पत्ता देवडीवर ओळखता येत नाही आणि सगळं पान कोसळतं. नवशिक्याला वाटतं पत्त्यांच्या यादीत चूक आहे, तो तिथेच तासन्‌तास शोधतो. चूक मात्र शब्दात, खरं तर शब्द नसण्यात असते.

त्यावर उपाय म्हणून त्या साधनाला सांगता येतं, की युनिकोड अक्षरं चालू दे. सांगितलं. उत्तर आलं: ‘कठ’.

मी बराच वेळ त्या दोन अक्षरांकडे पाहत बसलो. ओकार गेला, वेलांटी गेली, उरला सांगाडा. मग एकेक शब्द देत गेलो. ‘मराठी’चं झालं ‘मरठ’. ‘पुस्तक’चं ‘पसतक’. ‘हैदराबाद’चं ‘हदरबद’. ‘काठी’, ‘कंठी’, ‘कोठा’, ‘कुठे’ या सगळ्यांचं ‘कठ’! म्हणजे पाच वेगळ्या शब्दांना एकच पत्ता, आणि पत्ता एकमेव असला पाहिजे असा नियम घातला असेल तर दुसऱ्याच शब्दाला कोठीचं दार बंद. शेवटी ‘जँगो’ हाच शब्द त्याला दिला. उत्तर आलं: ‘जग’.

असं का होतं? त्याचं कारण कुणाचा निष्काळजीपणा नाही, एक व्याख्या आहे. युनिकोड प्रत्येक चिन्हाला एक वर्ग देतं. क आणि ठ हे अक्षर या वर्गात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे खूण या वर्गात. पायथनमध्ये मजकूर तपासण्याचं जे मूळ साधन आहे ते शब्दात बसणारं चिन्ह म्हणून अक्षरं, अंक आणि अधोरेषा एवढीच मोजतं, खुणा मोजत नाही. ‘कोठी’ पूर्णपणे अक्षरांचा शब्द आहे का, असं विचारलं तर पायथन ‘नाही’ म्हणतो. ‘कठ’बद्दल विचारलं तर ‘हो’. जँगोचं साधन या साधनावर उभं आहे, म्हणून खुणा गळतात.

या वर्गीकरणात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. बाराखडी शिकताना आपणही मात्रेला एकटी लिहीत नाही, ती अक्षराच्या अंगाखांद्यावरच येते. पण मात्रा काढून टाकली की उरतं ते अक्षर नव्हे, दुसरंच काहीतरी, हेही आपल्याला पहिल्या इयत्तेपासून ठाऊक आहे. रोमन लिपीत स्वर म्हणजे ओळीत उभं राहणारं स्वतंत्र अक्षर. आपल्याकडे तो व्यंजनाला बिलगतो. चाळणीची भोकं ओळीत उभ्या राहणाऱ्यांच्या मापाची पाडलेली आहेत.

उपाय छोटा आहे. तयार चाळणी बाजूला ठेवून स्वतःची चार ओळींची लिहायची: चिन्हाचा वर्ग अक्षर, खूण किंवा अंक असेल तर ठेव, मोकळ्या जागेची आडवी रेघ कर, बाकीचं गाळ. एवढ्यानं भागत नाही. जँगोच्या देवडीवर पत्त्यातला स्लग ओळखणारा जो ठरलेला नमुना आहे तो फक्त रोमन अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि अधोरेषा आत सोडतो. तिथे ‘कुठलीही अक्षरं चालतील’ असा दुसरा नमुना लावावा लागतो. मॉडेलमध्येही स्लगचा खास रकाना न घेता साधा मजकुराचा रकाना घ्यावा, नाहीतर तपासणीत मात्रा पुन्हा अडतात. तीन दारं, तिन्हींवर एकच पहारेकरी. एक दार उघडून बाकीची विसरलं की अर्ध्या तासानं तीच चूक नव्या वेषात परत येते. आणि अनुभवानं सांगतो, पत्त्याच्या सुरुवातीला नोंदीचा क्रमांक घालावा. पुढे कुणी शीर्षकातली शुद्धलेखनाची चूक सुधारली तरी जुना दुवा तुटत नाही.

चाळणी तयार झाली, ‘कोठी’ कोठी राहिली, आणि मग यादीत ‘दऱ्या’ हा शब्द असलेलं एक शीर्षक आलं. पत्त्यात ते झालं ‘दर्या’. डोंगरातली दरी थेट समुद्रात गेली!

हा मराठीचा खास प्रश्न आहे, आणि त्याच्या मुळाशी गेल्यावर मला आपल्या लिपीबद्दल नव्यानं प्रेम वाटलं. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक आपण रफार आणि आडव्या र नं दाखवतो. गुरू आणि स्वयंपाकी यांच्यामध्ये एवढी एकच रेघ. तो आडवा र टाइप करण्याच्या दोन रीती आहेत. एकीत नुक्ता असलेला ऱ वापरतात, क्रमांक २३५३. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला रुंदी शून्य असते. डोळ्याला दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. पण ते अदृश्य चिन्ह ना अक्षर, ना खूण, ना अंक. माझ्या चाळणीनं ते गाळलं आणि रफार उगवला. शिवाय शोधपेटीत एका रीतीनं ‘दऱ्या’ लिहिलं तर दुसऱ्या रीतीनं भरलेलं पुस्तक सापडायचं नाही. ‘ॲ’चंही तसंच. २००८पासून त्याला युनिकोडमध्ये स्वतःचा खण आहे, पण अनेक कळफलक अजून अ आणि वर चंद्र असा जोडून लिहितात. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण, जे एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपं एक करतं, ते या दोन्ही जोड्यांना एक मानत नाही.

म्हणून कोठीत धान्य भरण्याआधी जसं निवडतात, तसं शब्द साठवण्याआधीच एकसारखे करून घ्यावे लागतात: अदृश्य चिन्हाचा र दिसला की त्याचा नुक्त्याचा ऱ कर, अ वर चंद्र दिसला की एकसंध ॲ कर. आणि हेच शोधपेटीत आलेल्या शब्दालाही लावायचं. तेव्हा कुठे दऱ्या दऱ्याच राहिल्या.

अदृश्य चिन्हांची ताकद हैदराबादकरांना आणखी एका कारणानं आठवत असेल. फेब्रुवारी २०१८मध्ये तेलुगूतलं एक जोडाक्षर, आपल्या ‘ज्ञा’चं तेलुगू रूप, एका अदृश्य विभाजकचिन्हासह संदेशात आलं की आयफोनमधलं ते संदेशांचं ॲप बंद पडायचं. जगभरचे फोन ‘ज्ञान’ शब्दाच्या पहिल्या अक्षरापाशी अडखळत होते. काही दिवसांत, त्याच महिन्याच्या १९ तारखेला आलेल्या ११.२.६ या आवृत्तीनं ते दुरुस्त झालं.

यादी वर्णानुक्रमे लावायला गेलं की पुढचा प्रश्न. संगणक क्रमांक पाहून लावतो. त्याच्या लेखी ळ येतो ल च्या पाठोपाठ, २३५४ नंतर २३५५. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या पुढे. म्हणून मराठी क्रमात ‘कावळा’ आधी आणि ‘काळ’ नंतर, यंत्राच्या क्रमात उलट. ‘क्ष’बद्दल आपल्यातच दोन मतं आहेत, काही कोश त्याला क मध्ये घालतात, काही वर्णमालेच्या शेवटी, मला क मध्येच बरा वाटतो. ळ चा मात्र नियम स्पष्ट आहे, आणि आनंदाची गोष्ट अशी की युनिकोडच्या भाषावार नियमांच्या संग्रहात मराठीचा हा क्रम वेगळा नोंदवलेला आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसला तो मराठी क्रम वापर असं सांगता येतं, आणि जँगोतूनही एका शब्दात सांगता येतं. कुणीतरी, कुठेतरी बसून, आपल्या ळ ची जागा जगाच्या सामाईक नियमावलीत लिहून ठेवली आहे.

घड्याळाची गोष्ट थोडक्यात. जँगोच्या मुळाशी, काहीच सांगितलं नाही तर धरली जाणारी वेळ शिकागोची आहे. लॉरेन्स गाव त्याच वेळेत येतं. नवा प्रकल्प सुरू करताना मिळणारी मांडणी त्यावर जागतिक प्रमाणवेळ लिहिते. आपण कोलकात्याचं नाव घालून भारतीय वेळ सांगितली नाही, तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात कोठीत नोंदवलेल्या पुस्तकावर आदल्या दिवसाची तारीख पडते. सकाळी तपासणाऱ्याला ही चूक कधीच दिसत नाही, रात्री काम करणाऱ्यालाच दिसते. ‘कधीतरीच येते’ अशी चूक दिसली की मी आता पहिल्यांदा घड्याळ पाहतो.

मंद पानांबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण सुंदर लिहिलेल्या संकेतस्थळांनाही हा रोग जडतो. समजा, यादीत ५०० पुस्तकं आहेत आणि प्रत्येकापुढे लेखकाचं नाव दाखवायचंय. कारभारी कोठावळ्याला म्हणतो, ५०० पुस्तकांची नावं आण. एक फेरी. मग वाढपी पान मांडू लागतो, पहिल्या पुस्तकापाशी थांबतो: याचा लेखक कोण? कोठावळा पुन्हा कोठीत. दुसऱ्या पुस्तकाचा? पुन्हा कोठीत. अशा ५०१ फेऱ्या. फ्रेमवर्क इतकं मायाळू असतं की आपण नुसतं ‘पुस्तकाचा लेखक’ असं लिहिलं की ते निमूटपणे जाऊन घेऊन येतं, आणि म्हणूनच फेऱ्या दिसत नाहीत. घरी दहा पुस्तकांवर तपासताना पान चटकन उघडतं, यादी वाढली की हळूहळू दमू लागतं. उपाय एका ओळीचा: आधीच सांगायचं, पुस्तकं आणताना लेखकही सोबत आण. ५०१च्या जागी एक फेरी. एका पुस्तकाला अनेक विषय असतील तर दोन फेऱ्या. जँगोत या दोन्हींसाठी वेगळ्या सूचना आहेत, आणि किती फेऱ्या झाल्या हे मोजून दाखवणारी साधनंही आहेत. मोजल्यावर आकडा पाहून प्रत्येक जण चकित होतो. मीही झालो होतो.

बाकीच्या नेहमीच्या तक्रारी लवकर सांगून टाकतो. घरच्या संगणकावर सगळं नीट, आणि खऱ्या सर्व्हरवर नेल्यावर चित्रं आणि रंगरूप गायब: चुका दाखवण्याची विद्यार्थीदशा बंद केली की जँगो त्या फाइली स्वतः वाढत नाही, त्या एका जागी गोळा करून वेगळ्या वाढप्याकडे द्याव्या लागतात. अर्ज भरून पाठवला की ‘मनाई’ असं पान येतं: अर्जात गुप्त शिक्का घालायचा राहिलाय. दुसऱ्या कुठल्या संकेतस्थळानं तुमच्या नावानं परस्पर अर्ज पाठवू नये म्हणून तो शिक्का असतो. अनेक जण कंटाळून ही तपासणीच बंद करतात. कृपा करून तसं करू नका, ती तपासणी म्हणजे देवडीवरचा सगळ्यात मोलाचा माणूस आहे.

कोठीच्या त्या महिला विद्यापीठाजवळच्या पुस्तकांच्या दुकानांत अभियांत्रिकीची मुलं अजूनही वापरलेली पायथनची पुस्तकं उलटीपालटी करून घेतात. जवळच इसामिया बाजारात मराठी साहित्य परिषद आहे, तिचं ‘पंचधारा’ हे त्रैमासिक. जांबागेत विवेकवर्धिनी. हाकेच्या अंतरावर तेलुगू, उर्दू, मराठी, हिंदी, कन्नड बोलणारी माणसं, आणि उर्दू सोडली तर या सगळ्या भाषांच्या लिप्या मात्रांच्या. रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून घडलेलं अवजार पारखायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

तुम्ही संकेतस्थळ बांधत असाल तर तपासणीसाठी ‘टेस्ट’ हा शब्द वापरू नका. आपल्या गावाचं नाव घाला. वसमत, जत आणि नगर त्या तयार चाळणीतून जसेच्या तसे बाहेर येतील, कारण त्यांना मात्राच नाही. सोलापूरचं ‘सलपर’ होईल, नांदेडचं ‘नदड’, लातूरचं ‘लतर’, बीडचं ‘बड’. जँगो आणि पायथन, दोन्हींच्या तक्रारवह्या सर्वांसाठी खुल्या आहेत. कुणीही तिथे नोंद करू शकतं, दुरुस्ती सुचवू शकतं. नोंद इंग्रजीत करावी लागेल, पण बिघडलेला शब्द मात्र देवनागरीतच द्या, सगळ्या मात्रांसकट.